विषधर आणि गृहस्थ

परसात विषारी साप निघाला असता गृहस्थाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा काठीवर सोपवलेले असते, आणि आरडाओरड ऐकून शेजारपाजारची माणसे गोळा होईपर्यंत ते दिलेही गेलेले असते. ज्या समाजाने मुंग्यांना साखर घालण्याचा आणि गाईसाठी घास काढून ठेवण्याचा धर्म पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्याच समाजातील सत्त्वशील, देवभीरू माणसे सापाच्या बाबतीत क्षणाचाही विचार न करता वधाचा हुकूम देतात, आणि त्यात आपल्या धर्माशी काही विसंगत घडले असे त्यांना वाटत नाही. मुंगी आपले काही बिघडवू शकत नाही आणि गाय तर दूध देते. त्यांच्यावर दया करताना मूठभर धान्यापलीकडे पदरचे काही वेचावे लागत नाही. ज्याचा एक दंश घरातले हसतेखेळते मूल हिरावून नेऊ शकतो, त्या प्राण्यापुढे उभे राहिल्यावर मात्र अहिंसा हे तत्त्व आपण मनापासून मानतो की केवळ सणासुदीला उच्चारतो, याची परीक्षा होते. प्राचीन धर्मचिंतकांनी ही परीक्षा ओळखली होती. म्हणूनच अहिंसेचा विचार करताना ते पुनःपुन्हा सापाकडे वळले आहेत.

महाभारत तर जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितले. म्हणजे कौरव-पांडवांच्या संहाराची ही कथा श्रोत्यांनी ऐकली ती दुसरा एक संहार मांडला गेला असताना, आणि तो ज्याने थांबवला त्या आस्तिकाचा पिता ऋषी होता व माता नागकुळातली होती. याच आदिपर्वात रुरूची कथा येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मृत्यू पावली, आपले अर्धे आयुष्य देऊन त्याने तिला परत मिळवले, आणि त्यानंतर दिसेल तो साप मारावयाचा असा पण करून तो रानोमाळ हिंडू लागला. एके दिवशी त्याने दंड उगारला तो एका म्हाताऱ्या डुंडुभावर. त्या निर्विष प्राण्याने त्याला विचारले की, माणसांना दंश करणारे साप निराळे असता केवळ आकाराच्या सारखेपणावरून आम्हांला का मारतोस? हा प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. उंदरांचा फडशा पाडून शेतकऱ्याचे धान्य राखणारी धामण नाग समजून मारली जाते, अंगावर पांढरे पट्टे आहेत एवढ्याच अपराधासाठी बिचारा कवड्या मण्यार म्हणून ठेचला जातो, आणि विहिरीकाठच्या दिवडाचेही तेच होते. ज्याला मारावयाचे त्याचे नाव विचारण्याइतकीही सवड भीती माणसाला देत नाही.

परंतु या विषयावरची माझ्या मते सर्वांत थोर कथा अनुशासनपर्वाच्या आरंभी आहे. आप्तस्वकीयांच्या नाशाने व्याकुळ झालेल्या युधिष्ठिराला शरशय्येवरील भीष्म ती सांगतात. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मेला. अर्जुनक नावाच्या व्याधाने तो साप पकडला, दोरीने बांधला, आणि तिच्यापुढे आणून विचारले की, याला अग्नीत टाकू की याचे तुकडे तुकडे करू? गौतमी म्हणाली, सोडून दे. याला मारल्याने माझा मुलगा उठणार नाही. व्याध हटेना. शत्रूला मारण्यात पुण्य आहे, इंद्राने वृत्राला मारूनच श्रेष्ठत्व मिळवले, आणि या एकाला जिवंत ठेवल्यास पुढे अनेकांचे प्राण धोक्यात येतील, अशी कारणे तो एकामागून एक मांडत राहिला. मग साप बोलू लागला: मी स्वतंत्र नाही, मृत्यूने मला प्रेरणा दिली. मृत्यू प्रकट होऊन म्हणाला, मला कालाने पाठवले. आणि अखेर स्वतः काल येऊन म्हणाला की, आम्हां तिघांपैकी कोणीही दोषी नाही. या मुलाचे कर्मच याला कारण झाले. तेव्हा व्याधाने साप सोडला.

या कथेचा शेवट कर्मसिद्धान्ताने होतो, आणि भाष्यकारांचे लक्षही बहुधा त्या शेवटावर खिळलेले असते. माझे मन मात्र त्या उत्तरापाशी थांबत नाही. अजाण मुलाच्या मरणाचा जाब त्याच्याच पूर्वकर्माकडे मागणे हे मला दुःखी आईपुढे उभे राहून बोलवणार नाही. मला त्या कथेचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. साप, मृत्यू आणि काल यांच्यापैकी कोणीही तोंड उघडण्याच्या आधीच गौतमीने 'सोड' म्हटले आहे. सापाचे निरपराधित्व सिद्ध होण्याची वाट तिने पाहिली नाही. कार्यकारणाची ती सगळी लांबलचक कैफियत व्याधासाठी होती. आणि आणखी एक गोष्ट आहे. मूल तिचे गेले होते. ज्याची हानी झाली त्यानेच क्षमा करणे ही गोष्ट वेगळी, आणि हानी दुसऱ्याची झाली असता आपण दूर सावलीत बसून क्षमेचा उपदेश करणे ही वेगळी. या भेदाकडे मला पुढे यावयाचे आहे, कारण आजच्या आपल्या सर्पदयेतील सारी गुंतागुंत तेथेच आहे.

तत्पूर्वी अर्जुनकाच्या युक्तिवादाला न्याय दिला पाहिजे. एकाला मारून अनेकांना वाचवावे, हे म्हणणे तुच्छ नव्हे. काठी उचलणारा बाप याहून वेगळे काही म्हणत नसतो. पण या युक्तिवादाला साप हा शत्रू आहे असे गृहीत धरावे लागते, आणि सापाचे वर्तन पाहू गेल्यास त्या गृहीताला आधार सापडत नाही. महाराष्ट्रात माणसांचे प्राण प्रामुख्याने घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांचे विष हे भक्ष्य मारण्याचे आणि पचवण्याचे साधन आहे. माणूस त्यांना गिळता येत नाही, म्हणून माणसावर ते खर्चण्यात त्यांचा लाभ काहीच नाही. नाग फणा काढून उभा राहतो, घोणस अंगात वारा भरून दीर्घ फूत्कार टाकते, फुरसे आपली वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. हे सारे 'दूर हो' असे सांगणेच असते, आणि ते न ऐकता, किंवा अंधारात ते न दिसता, आपला पाय पडला की दंश होतो. मण्यार तेवढी बहुधा सूचना देत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि झोपेत कुशी वळताना ती अंगाखाली आली की चावते. दंश इतका हलका असतो की कित्येकदा तो कळतही नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागून पापण्या जड होऊ लागल्यावर घरच्यांना शंका येते. नाग डूख धरतो, जोडीदाराला मारणाऱ्याचा वर्षभर माग काढतो, ही समजूत आपल्या लोककथांनी घट्ट केली आहे; पण सूड हा मनुष्याचा विकार आहे, आणि तो सापाच्या माथी मारून आपण आपल्या काठीला नैतिक आधार मिळवून देत आलो आहोत.

बाग आपली, आणि साप हा तीत घुसलेला आगंतुक, अशी आणखी एक समजूत आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सापाचे नाव नाही, हे खरे. परंतु वहिवाट पाहावयाची झाली तर निकाल बहुधा त्याच्या बाजूने लागेल. जेथे आज कलमांच्या रांगा उभ्या आहेत तेथे काल रान होते आणि कातळ होता. शिवाय कोकणातल्या कोणत्याही वाडीत डोळसपणे फिरून पाहावे: जांभ्याच्या दगडांचा रचलेला गडगा, त्याच्या फटीफटींतून थंडावा, कोपऱ्यात नारळाच्या सोडणांचा आणि झावळ्यांचा ढीग, मांगराच्या पडवीत लाकूडफाटा, झाडांच्या आळ्यांत पाणी, पाण्यापाशी बेडूक, भाताच्या कणगीपाशी उंदीर-घुशी. सापाला राहण्यास जागा, पिण्यास पाणी आणि खाण्यास अन्न यांची एवढी तजवीज आपणच करून ठेवतो, आणि तो आला म्हणजे त्याच्यावर घुसखोरीची फिर्याद करतो. याही बाबतीत महाभारताची स्मृती फार खोल आहे. इंद्रप्रस्थाच्या वैभवासाठी खांडववन जाळले गेले तेव्हा त्या वनात राहणारा तक्षक नाग तेथे नव्हता. त्याची पत्नी मुलाला वाचवताना अर्जुनाच्या बाणाने मेली, आणि त्याच अर्जुनाचा नातू परीक्षित पुढे तक्षकाच्या दंशाने मेला. ग्रंथ त्याचे कारण ऋषिपुत्राच्या शापात दाखवतो. पण जळालेल्या घराची गोष्टही तो दडवून ठेवत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये खांडवदाहाकडे, तेथील प्राणिमात्राच्या त्या सरसकट कत्तलीकडे, ज्या निर्भीड दृष्टीने पाहिले, ती दृष्टी घेऊन प्रत्येकाने एकदा आपल्या कुंपणाच्या आतली जमीन पाहावी असे मला वाटते.

सापाचा समूळ निकाल लावण्याचा प्रयोग कोकणात झालेला आहे. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर सरकारी इनाम लावले गेले, आणि इनामाच्या आशेने माणसे कातळावरचे दगड उलथून फुरशी मारू लागली. विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८९० मध्ये नोंदवलेली मारलेल्या फुरशांची वार्षिक सरासरी सव्वादोन लाखांच्या घरात जाते. हातभर लांबीच्या, एकेका दगडाखाली अंग चोरून राहणाऱ्या या जीवाचा एवढा संहार वर्षानुवर्षे चालला, सरकारचा पैसा गेला, आणि फुरसे मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर आजही आहे. वधाने प्रश्न सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे दफ्तर अवश्य चाळावे.

मारण्याच्या टोकाला हे, तर पूजेच्या टोकाला नागपंचमी. त्या दिवशी जमीन नांगरू नये, खणू नये, चिरू-तळू नये, हा नियम मला अत्यंत हृद्य वाटतो. आणि त्यामागच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिले मरतात, म्हणजे आपल्या पोटापाण्याच्या उद्योगात नकळत कोणाचे तरी घर मोडते, ही जाणीव ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाटावर नाग काढून जपली त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच सणाच्या निमित्ताने जिवंत नाग पकडून, त्याचे दात पाडून, प्रसंगी तोंड शिवून, त्याला उपाशी-तहानलेला ठेवून दारोदार दुधाच्या वाटीपुढे आणणे हा त्याचा छळ आहे. दूध हे सापाचे अन्न नाही, आणि तहानेने तो जे पितो ते त्याच्या जिवावर उठते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या पूजेची मोठी परंपरा होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिला बंधन आले, आणि भाविकांना त्याचे दुःख झाले. त्यांची श्रद्धा खरी होती हे मान्य करूनही मी म्हणेन की, ज्याची पूजा करावयाची त्याला प्रथम त्याच्या बिळात सुखाने राहू द्यावे. फणा काढलेल्या सापापुढे हात जोडणे आणि काठी उगारणे या दोन्ही वेळी मनुष्य आपल्याच मनातील भयाकडे पाहत असतो. प्रत्यक्ष साप त्याला दिसलेलाच नसतो.

या भयाविषयी गौतम बुद्धांनी सांगितलेली गोष्ट पाली ग्रंथांत आहे. एक भिक्षू सर्पदंशाने मेला तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना सर्पराजांच्या चार कुळांप्रति मैत्रीची भावना करण्यास सांगितले. बिनपायांच्या, दोन पायांच्या, चार पायांच्या, अनेक पायांच्या सर्व जीवांशी माझी मैत्री असो, आणि त्यांनी मला पीडा देऊ नये, असा तिचा आशय आहे. मला त्यातील शेवटची प्रार्थना फार महत्त्वाची वाटते: या जीवांनी आता येथून दूर जावे. मैत्री आहे म्हणून त्याने माझ्या माजघरात यावे असे नाही, आणि तो माजघरात नको म्हणून त्याने मरावे असेही नाही. सापाशी गृहस्थाचे नाते असेल तर ते इतके साधे आणि इतक्या अंतरावरचे आहे.

आधुनिक काळात हा प्रश्न सर्वाधिक सचोटीने ज्यांनी हाताळला ते गांधीजी होत. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म वसवले गेले तेव्हा तेथे सापांचा सुळसुळाट होता. त्यांचे सहकारी कॅलनबाख यांनी सापांच्या जाती ओळखण्यास सर्वांना शिकवले आणि भीती जावी म्हणून एक नागही बाळगला. एकदा कॅलनबाख यांच्याच खोलीत साप अशा जागी निघाला की, त्याला हुसकताही येईना आणि पकडताही येईना. एका विद्यार्थ्याने मारण्याची परवानगी मागितली, आणि गांधीजींनी ती दिली. पुढे येरवड्याच्या तुरुंगात १९२३ साली लिहावयास घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी ही हकीगत नमूद केली, परवानगी दिल्याचा आपल्याला पश्चात्ताप नाही असे सांगितले, आणि त्याच दमात हेही सांगितले की, साप हाताने धरून दूर नेण्याचे धैर्य आपल्यात नव्हते आणि ते अद्यापही आलेले नाही. अपवाद करावा लागला तर त्याला धर्म म्हणून सजवावयाचे नाही, आपल्या सामर्थ्याची ती उणीव आहे एवढे म्हणून ती उघड्यावर ठेवावयाची, हे मला फार मोठे वाटते. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहावयास गेले. तेथील आश्रमात आजही साप न दुखवता पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप ठेवण्याचा पिंजरा पाहावयास मिळतो. सुताराने घडवलेली ती साधी वस्तू पाहून मला अनेक प्रवचनांपेक्षा अधिक समाधान झाले, कारण अहिंसा ही आयत्या वेळच्या धैर्यावर सोडून न देता तिची तयारी आधी करून ठेवावी लागते, हे ज्याने जाणले होते त्याच्या घरातील ती वस्तू होती.

येथवर सारे ठीक आहे. पण आमच्या भागातील एका आंबा-बागाईतदाराने आपल्या बागेत साप मारावयाचा नाही असा दंडक घातला, तेव्हा त्याच्या गड्याने दिलेले उत्तर मला कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा अधिक कठीण वाटते. तो म्हणाला, "काका, जनावर मारू नये हे मलाही पटतं; पण पातेऱ्यात हात माझा जातो."

या उत्तराला बगल देऊन सर्पदयेविषयी एक शब्दही लिहिण्याचा अधिकार कोणाला नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे; त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घातले. तो उपेक्षित आहे कारण तो ज्यांना होतो ते उपेक्षित आहेत. अनवाणी पायांनी भाताची लावणी करणारी बाई, काळोखात मोटर लावण्यास शेतावर जाणारा तरुण, कुडाच्या घरात जमिनीवर निजणारी मुले: पान लागते ते यांना. ज्याच्या घराला फरशी आहे, अंगणात दिवा आहे, पायांत बूट आहे आणि दारात गाडी आहे, त्याला साप सोडून देण्याचे पुण्य फार स्वस्तात मिळते. त्या पुण्याची किंमत दुसराच कोणी तरी भरीत असतो.

आणि सोडून देणे म्हणजे तरी काय? हल्ली बहुतेक गावांत सर्पमित्र आहेत, आणि जिवावर उदार होऊन, पुष्कळदा पदरमोड करून, ते हे काम करतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. परंतु आपल्या परसातून उचललेला साप लांबच्या 'रानात' सोडला की आपण सुटलो असे मानणाऱ्या गृहस्थाने हे ध्यानात घ्यावे की, ते रान कोणाचे तरी अंगण आहे. तेथे कातकऱ्यांची वाडी आहे, धनगरांचा वाडा आहे. शिवाय सापाचेही त्यात कल्याण होत नाही. शरीरात बारीक प्रक्षेपक बसवून सापांच्या हालचालींचा जो अभ्यास झाला आहे त्यात असे दिसले की, अनोळखी मुलखात सोडलेला साप बिळाच्या, पाण्याच्या, परिचित जागेच्या शोधात दूरवर भटकतो आणि त्यात त्याचे मरण ओढवण्याची शक्यता वाढते. म्हणून पकडणे अटळ असेल तेव्हा पकडावे, आणि सोडावे ते जवळच्याच, वस्तीबाहेरच्या जागी. आणि बागेच्या टोकाला दिसलेला साप वाटेने जात असेल तर लेकरांना आत घेऊन, कुत्रा बांधून, त्याला जाऊ द्यावे. सापाला वाट मोकळी मिळाली तर तो बहुधा ती धरतो.

दयेचा खर्च ज्याने दयेचा निर्णय घेतला त्याने सोसावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तो खर्च पैशांचा आहे तसा अंगमेहनतीचाही आहे. गडग्याच्या फटी निदान घराजवळ तरी मातीने लिंपून घ्याव्या. सोडणे, कौले, विटा, लाकूडफाटा घरापासून लांब आणि जमिनीपासून वर रचावा. कोंबड्यांच्या खुराड्याला बारीक जाळी लावावी. धान्य असे ठेवावे की उंदरांना ते मिळू नये, कारण उंदीर हटले की साप आपोआप कमी येतात. न्हाणीघराच्या मोरीला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, भिंतीवर टेकलेल्या फांद्यांची छाटणी, हे सारे पहिल्या पावसाच्या आधी झाले पाहिजे. कार्बोलिक शिंपडणे, लसूण टांगणे, दाराशी नागदवणा लावणे यांवर विसंबू नये; त्याने साप हटतात याला आधार नाही, आणि त्या विश्वासामुळे खरी कामे मागे पडतात. रात्री विजेरीशिवाय परसात पाऊल टाकू नये. चालताना काठी जमिनीवर आपटीत जावे, कारण जमिनीचा कंप सापाला चटकन जाणवतो आणि तो बाजूला होतो. जमिनीवर निजू नये. आणि खाट नसेल तेथे निदान अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी असावी, जी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते. ही कामे क्षुद्र वाटतील. पण गौतमीच्या क्षमेचा वारसा सांगणाऱ्या गृहस्थाला त्या क्षमेची पाळीच येऊ नये अशी व्यवस्था करण्यातच आपला धर्म आचरावा लागतो.

एवढे करूनही एखाद्या रात्री घोणस पाळण्याखाली निघेल, आणि सर्पमित्राला येण्यास तास लागेल, आणि मूल हलवता येणार नाही. त्या वेळी काठी उचलणाऱ्या बापाला मी पापी म्हणणार नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेला वध अपराध मानलेला नाही. फक्त त्या मेलेल्या जीवाला उंबरठ्यावर ठेवून शौर्याच्या गोष्टी सांगू नयेत, त्याची छायाचित्रे गावभर फिरवू नयेत, आणि पाळण्यापर्यंत त्याची वाट कोठून झाली ते दुसऱ्या दिवशी उजेडात शोधून ती बुजवावी.

आणि दंश झालाच तर? येथे श्रद्धेचा प्रश्न जीवघेणा होतो, कारण आजही पुष्कळ माणसे प्रथम मांत्रिकाकडे किंवा देवळात नेली जातात, आणि ज्या दोन तासांत प्राण वाचले असते ते तेथे खर्ची पडतात. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीने स्थिर करावा, माणसाला धीर द्यावा, चालवू नये, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी शहर सोडून ग्रामीण भागात विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, ते प्रयत्न अशा विलंबापुढे हतबल होतात. हे प्रतिविष कोठून येते तेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात. परळच्या हाफकिनने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध एकच औषध तयार करण्याचे काम दीर्घकाळ केले. त्यासाठी लागणारे विष फार मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील इरुळ लोकांच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. पूर्वी कातड्यासाठी साप मारून पोट भरणारी ही माणसे आता साप जिवंत पकडतात, विष काढून घेतात आणि त्यांना पुन्हा रानात सोडतात. साप जिवंत असल्यावाचून सर्पदंशावरचे औषध नाही, आणि तो जिवंत हातात धरणारे हात अजूनही गरिबाचेच आहेत.

म्हणून ज्याने आपल्या बागेत साप न मारण्याचा दंडक घातला आहे, त्याने त्याच दिवशी आणखी काही गोष्टींची चौकशी करावी: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे काय, नसल्यास ते ग्रामीण रुग्णालयात मिळते की जिल्ह्याला जावे लागते, रात्री गाडी कोणाची, आणि चालकाचा क्रमांक गड्याच्या झोपडीत लिहून लावलेला आहे काय. पातेरा गोळा करणाऱ्या बायांना घोट्यापेक्षा उंच बूट आणि जाड हातमोजे द्यावे, पातेरा हाताने न ओढता आधी दाताळ्याने पसरून घेण्याची रीत घालून द्यावी, आणि मांगरात निजणाऱ्या राखणदाराला खाट द्यावी. बागेच्या जमाखर्चात खत, फवारणी आणि राखण यांच्या शेजारी ही कलमे मांडली गेली आहेत की नाहीत, हे विचारण्याचा हक्क पातेऱ्यात हात घालणाऱ्या माणसाचा आहे, आणि मृग निघण्यापूर्वी मालकाने ती वही त्याच्यापुढे उघडून ठेवली पाहिजे.